ज्वारी, कापूस आणि माझा किराणा

परवा किराण्याची यादी करताना बघितलं, तर ज्वारी गव्हापेक्षा महाग! अकोल्याची आमची आजी म्हणायची, भाकर म्हणजे गरिबाचं जेवण. मग हे उलटं कसं झालं?

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पैसा आला, पण ज्वारीची जमीन कापसाखाली जात राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळात पिकं बुडाली, धान्य कडाडलं. ज्याच्या पेवात दाणा नव्हता, त्याचे हाल आधी. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आले आणि ज्वारी आणखी मागे पडली.

असो. महाग झाली तरी ज्वारी ओट्सपेक्षा स्वस्तच आहे. या महिन्यात ओट्स कटाप. डब्यात ज्वारी, तूरडाळ आणि चटणीला जवस!