१२ डिसेंबर : कॅरोलाइन इंगल्स यांचा जन्म (१८३९)

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर संसार मांडणाऱ्या कॅरोलाइन इंगल्स यांचा जन्म १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये झाला. त्या पाच वर्षांच्या असताना वडील मिशिगन सरोवरात बुडाले. पुढे त्या शिक्षिका झाल्या. १८६० मध्ये चार्ल्स इंगल्स यांच्याशी लग्न झाले आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे सुरू झाले. कॅन्ससमध्ये त्यांनी घर बांधले ती जमीन मुळात ओसेज आदिवासींची होती. वसाहतींच्या कौतुकात हे विसरता कामा नये. मिनेसोटात ओढ्याकाठी मातीत खोदलेल्या घरात हे कुटुंब राहिले. तिथे टोळधाडीने उभा गहू फस्त केला. १८७६ मध्ये एकुलता मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला. १८७९ मध्ये थोरली मेरी आंधळी झाली.

त्याच वर्षी सगळे डाकोटातील डी स्मेटला आले. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फामुळे आगगाड्या बंद पडल्या, सरपण आणि पीठ संपले. तेव्हा घरच्यांनी वाळक्या गवताचे पीळ जाळले, कॉफीच्या जात्यावर गहू दळला. घासाघासाचा हिशेब करत कॅरोलाइनबाईंनी चार मुली जगवल्या. वसाहतीच्या इतिहासात नांगर आणि बंदूक येते. हे जातेही तितक्याच मानाने यायला हवे.

२० एप्रिल १९२४ रोजी डी स्मेट येथे त्यांचे निधन झाले. लहानपणीच्या या आठवणींवर त्यांची दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने लिहिलेल्या ‘लिटल हाउस’ मालिकेतील पहिले पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले.