खंडाळ्याच्या वाटेनें शाळेला

खंडाळा म्हटलें कीं पुण्यामुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें बोरघाटाच्या माथ्यावरील बंगले उभे राहतात. आम्हांस येथें अभिप्रेत असलेला खंडाळा तो नव्हे. हा सातारा जिल्ह्यांतील तालुक्याचा गांव. नीरा ओलांडून शिरवळ मागें टाकलें कीं तो येतो, आणि तो सुटतो न सुटतो तोंच खंबाटकीचा घाट लागतो. हवा खाण्यासाठीं येथें कोणी उतरत नाहीं. परंतु पुण्याहून सुरूर, वाई व पसरणीचा घाट या मार्गानें पांचगणीस जाणारास येथूनच जावें लागतें. आणि या प्रवाशांत एक वर्ग असा आहे कीं ज्याच्याकडे आमच्या इतिहासलेखकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तो वर्ग म्हणजे पोटासाठीं परमुलखांत राहिलेल्या आईबापांनीं शाळेंत धाडलेलीं मुलें.

हा विषय आज आमच्या मध्यम वर्गाच्या अगदीं घरांत आलेला आहे. दुबईस वा सिंगापुरास नोकरीनिमित्त गेलेला मुलगा आईबापांस कळवितो तें प्रथम घराविषयीं नसतें, शाळेविषयीं असतें. मागील दोन वर्षांचीं प्रगतिपुस्तकें, शाळा सोडल्याचा दाखला, लशी टोंचल्याचा दाखला, पारपत्राच्या नकला, इंग्रजीची परीक्षा, अर्जाची न परतणारी फी, आणि एवढें करून ‘जागा झाल्यास कळवूं’ हें उत्तर! ही यातायात अगदीं आजची, असें त्या कुटुंबांस वाटतें. वस्तुतः आपल्या देशांत ती प्रथम सोसली ती आमच्यावर राज्य करावयास आलेल्या लोकांनीं.

हिंदुस्थानांतील साहेबाचें मूल पांच-सात वर्षांचें झालें कीं त्याची विलायतेस रवानगी करावयाची, असा रिवाज होता. उष्ण हवा, पटकी आणि ताप यांचें भय खरें होतें. पण मूल आयेच्या भाषेंत बोलूं लागतें आणि तिच्या मांडीवर वाढतें, हें भयही त्याहून कमी नव्हतें. १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या रड्यर्ड किप्लिंगला १८७१ मध्यें, वयाच्या सहाव्या वर्षीं, धाकट्या बहिणीसह इंग्लंडांत साउथसी येथील परक्या घरीं पैसे भरून ठेवण्यांत आलें. आईबाप मुलांना पुरती कल्पना न देतांच परतले, आणि आई पुन्हा दिसली ती १८७७ मध्यें. त्या घरांतील छळाची जखम या लेखकाच्या मनांतून जन्मभर गेली नाहीं. साम्राज्याचा पोवाडा गाणाऱ्या या माणसाविषयीं आम्हांस विशेष ममत्व वाटण्याचें कारण नाहीं. तथापि साम्राज्याची किंमत साम्राज्यकर्त्यांच्या मुलांनींही थोडीबहुत भरली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

ही किंमतदेखील सर्वांस परवडत नसे. रेल्वे, तारखातें, जकात येथील गोरे व अर्धगोरे नोकर विलायतेचें भाडें कोठून आणणार? म्हणून डोंगरांवरील शाळा निघाल्या. सनावरची लॉरेन्स शाळा १८४७ ची. १८६० मध्यें लॉर्ड कॅनिंगनें एक टिपण लिहून बजावलें कीं, या वर्गाच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केल्यास तो सरकारास लांच्छन होऊन राहील. मुंबई इलाख्यांत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ पासूनच काम करीत होती. तिची भायखळ्याची शाळा १९२५ मध्यें देवळालीस गेली व बार्न्स या नांवानें प्रसिद्ध झाली.

साताऱ्याच्या डोंगरांत हें कार्य पांचगणीनें केलें. समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास असलेल्या या पठाराखालीं जॉन चेसन यानें गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास वस्ती वसविली, सिल्व्हर ओकचीं झाडें लावलीं, आणि तेथेंच त्यानें आपला देहही ठेवला. महाबळेश्वरीं पावसाळ्यांत राहवत नाहीं, पांचगणीस राहवतें. म्हणून महाबळेश्वरीं बंगले झाले आणि येथें शाळा झाल्या. किमिन्स आणि सेंट जोसेफ या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतल्या, सेंट पीटर्स विसाव्याच्या आरंभींची. रेल्वे झाल्यावर मुलें वाठार स्टेशनावर उतरून टांग्यानें वाईकडे जात. मोटारी आल्यावर खंडाळ्याची वाट पुन्हा वाहूं लागली. पुढें एतद्देशीयांनींही तेंच पठार गांठलें. १९०८ मध्यें बिलीमोरिया, १९२२ मध्यें संजीवन, १९४५ मध्यें बहाईंची न्यू एरा.

या वाटेपासून थोडें आंत, खंडाळा तालुक्यांतच, नायगांव आहे. तेथें ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्यांस अध्यापनाचे धडे अहमदनगरास ज्यांच्याकडे मिळाले, त्या सिंथिया फॅरर बाई १८२७ मध्यें अमेरिकेहून एकट्या, अविवाहित, मुंबईस आल्या आणि १८६२ मध्यें येथेंच वारल्या. १८४८ मध्यें पुण्यास भिडेवाड्यांत शाळा उघडणाऱ्या जोडप्यावर शेणमाती फेंकणारे लोक देशीच होते, आणि शिकविण्याची कला दाखविणारी बाई परकी होती. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आंत त्याच नायगांवाच्या शेजारच्या डोंगरावर गोऱ्यांनीं आपल्या मुलांपुरत्या वेगळ्या शाळा बांधल्या. हे दोन्ही परके एकाच मापानें मोजणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

गोरे गेल्यावर या शाळांचें दार कोणास उघडें राहणार, हा प्रश्न लौकरच न्यायासनापुढें आला. ६ जानेवारी १९५४ रोजीं मुंबई सरकारनें हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्या मुलांवांचून इतरांस प्रवेश देऊं नये. सरकारचा हेतु देशी भाषांच्या उत्कर्षाचा होता, आणि तो हेतु आम्हांस मान्य आहे. पण परिणाम काय झाला पाहा! स्वराज्याच्या सातव्या वर्षीं, मूल आशियाई वंशाचें आहे एवढ्याच कारणानें त्यास शाळेचा दरवाजा बंद. बार्न्समध्यें त्या वेळीं जवळजवळ निम्मीं मुलें इतर समाजांचीं होतीं. संस्था व पालक न्यायालयांत गेले. एक अर्जदार इंग्रजी हीच घरची भाषा असलेला हिंदी ख्रिस्ती होता, दुसरा गुजराती हिंदु. फेब्रुवारींत मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढें हुकूम रद्द झाला. मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निर्णय कायम केला. हेतु कितीही चांगला असो, नकाराचें प्रत्यक्ष कारण वंश असेल तर घटनेच्या एकोणतिसाव्या कलमापुढें तो टिकत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांस अनुदान मिळावयाचें तर दरवर्षींच्या किमान शेंकडा ४० जागा इतरांस खुल्या ठेवाव्या, अशी घटनेचीच अट होती. म्हणजे एका हातानें घातलेली अट सरकार दुसऱ्या हातानें मोडावयास लावीत होतें.

या निकालानंतर वर्षभराच्या आंतबाहेर झांझीबारहून एक आठ वर्षांचा पारशी मुलगा पांचगणीच्या सेंट पीटर्समध्यें आला. वडील तेथें इंग्रज सरकारच्या नोकरींत, मूळचे गुजराथेकडचे. जहाजानें मुंबई आणि पुढें घाट, असा त्याचा प्रवास. हुकूम टिकला असता तर अशा घरांपुढें मोठीच अडचण उभी राहती. फरोख बलसारा हें त्याचें नांव. सोबत्यांनीं त्याचा ‘फ्रेडी’ केला, येथेंच त्यानें १९५८ मध्यें सोबत्यांसह पहिला वाद्यवृंद जमविला, आणि पुढें मर्क्युरी या आडनांवानें तो जगास ठाऊक झाला. १९६४ च्या क्रांतींत झांझीबार सोडून कुटुंब इंग्लंडास गेलें, तेव्हां घर, नोकरी, सर्व मागें राहिलें. मुलाजवळ राहिली ती पांचगणीची इंग्रजी आणि पियानो.

१९२४ मध्यें राष्ट्रसंघाच्या नोकरांच्या मुलांसाठीं जिनीव्हास आंतरराष्ट्रीय शाळा निघाली, १९६८ मध्यें तेथूनच सर्व देशांस चालेल अशी परीक्षा सुरू झाली, आणि आतां तीच परीक्षा पुण्याजवळच्या मुळशींतही देतां येते. दारावरचे नियम मात्र देशागणिक निराळे. सिंगापुरांत परदेशी पद्धतीच्या शाळेंत जावयाचें तर तेथील नागरिकाच्या मुलास शिक्षणखात्याची परवानगी लागते. परक्याच्या मुलास ती लागत नाहीं. मलेशियांत अशा शाळांत स्थानिक मुलें शेंकडा ४० हून अधिक नसावीं असा निर्बंध होता, तो २०१२ मध्यें उठला. आमच्या घटनेंतील ४० हा दरवाजा उघडणारा आंकडा, मलेशियांतला ४० हा दरवाजा लावणारा.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा अर्ज परवां आम्हीं पाहिला. त्यांत ‘मातृभाषा’ आणि ‘घरीं बोलली जाणारी भाषा’ असे दोन वेगळे रकाने होते. आईनें पहिल्यांत मराठी लिहिलें होतें. दुसरा रकाना नऊ वर्षांच्या मुलीनें स्वतःच्या हातानें भरला होता, आणि त्यांत तिनें लिहिलें होतें: ‘आजीशीं मराठी’.