पंढरपूरची वाटाघाट

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीला गाडी बदलायची आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने पंढरपूर गाठायचे, ही वाट वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. महारवाड्यातून निघालेल्या माणसाची वारी मात्र नामदेवाच्या पायरीशी, चोखोबाच्या समाधीपाशीच संपे. १९४७ पर्यंत हेच चालले होते.

त्या वर्षी १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्यापूर्वी सेनापती बापटांच्या आग्रहावरून त्यांनी उपोषण पुढे ढकलले होते आणि मधले महिने महाराष्ट्रभर दौरा केला होता. सेवादलाचे कलापथक बरोबर होते. गावोगावी सभा झाल्या, काही गावांनी विहिरी आणि देवळे खुली केली. या दौऱ्याचे मोल उपोषणाहून अधिक आहे, असे माझे मत आहे. कारण गुरुजी अस्पृश्यांना स्वच्छतेचे धडे द्यायला गेले नव्हते. ज्यांनी दार लावून घेतले होते, त्यांच्याशीच ते बोलत होते. आपल्याकडचे समन्वयवादी नेमके याच्या उलट करतात!

पुढे दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांशी बोलणी झाली, मंदिर खुले झाले आणि उपोषण सुटले.

पण या बोलण्यांत एका बाजूला बडवे, दुसऱ्या बाजूला पुढारी. ज्याच्या माणूसपणाचा सौदा चालला होता, तो या बैठकीत कोठे होता? तो केव्हाच पुढे निघून गेला होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करून त्याने हिंदू समाजाला बोलण्याची पुरेशी संधी दिली होती. उत्तर मिळाले नाही, म्हणून १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार उघडले तेव्हा आत जाण्याची गरजच त्याला उरली नव्हती. तरीही १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ अर्पण करताना बाबासाहेबांनी नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळ्याचे नाव घेतले. देवळाशी नाते तोडले, म्हणून पायरीवरच्या माणसाशी तोडले नाही.

बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचा शिक्का बसला तो जानेवारी २०१४ मध्ये. ज्या हक्काच्या जोरावर दार बंद ठेवले गेले, त्याला १९४७ च्या वाटाघाटीने हात लावला नव्हता.