राखणारा आणि हाकणारा

इंग्रजी गोष्टींतला केसाळ कुत्रा मेंढ्या हाकतो. आपल्या धनगराचा कुत्रा राखतो. असे का?

ब्रिटनमधले लांडगे अठराव्या शतकापर्यंत संपले. मग राखणाऱ्यापेक्षा हाकणाऱ्याचे मोल वाढले. हाकणे ही मुळात शिकारच! माणसाने निवड करत करत पाठलाग टिकवला, चावा गाळला. दख्खनच्या माळावर मात्र लांडगा अजून आहे. म्हणून धनगराचे पिल्लू मेंढ्यांतच वाढते. पिल्लाची नाती तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात सहज जुळतात, असे स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली मांडले. त्याचे शिक्षण तेच.

नागपूरच्या ४५ अंशांत हौसेने केसाळ कोली पाळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : त्याला काम कोणते देणार?