नळीतील पेच

बंदुकीचा षोक असलेली चार माणसे एकत्र बसली म्हणजे बोलणे बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट कारागिरीची : नळी कोणत्या कारखान्याची, दस्ता अक्रोडाचा की दुसऱ्या कोणत्या लाकडाचा, घोडा मूळचा की मागाहून बसविलेला. दुसरी वाट नेमाची : किती यार्डांवरून किती गोळ्या चांदात बसल्या. दोन्ही विषय रम्य आहेत, आणि त्यांत रमणाऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. तथापि ते हत्यार हाती धरण्याची मुभा कोणास होती, कोणास नव्हती व ती कोणी ठरविली, हा तिसरा विषय अशा बैठकीत सहसा निघत नाही. तो पाहावयाचा तर खानदेशासारखा दुसरा प्रांत आमच्या माहितीत नाही. १९०६ साली ज्याचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे झाले, आणि आज जळगाव, धुळे व नंदुरबार असे तीन जिल्हे ज्यातून झाले आहेत, तो हा तापीकाठचा मुलूख होय.

आरंभी हत्यारासंबंधी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकत एका बारीकशा गोष्टीवर उभी आहे. साधी जुनी बंदूक, मग ती तोड्याची असो वा चकमकीची, आतून गुळगुळीत असे. तिच्यात शिशाची वाटोळी गोळी सैलशी बसे. दारू पेटली म्हणजे ती गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का जिकडचा असेल तिकडे भरकटे. कंपनीच्या शिपायांजवळची पाऊण इंची नळीची बंदूक शंभर यार्डांच्या पलीकडे एका माणसावर रोखणे म्हणजे दैवावर हवाला ठेवण्यासारखेच होते. म्हणूनच त्या काळच्या फौजा खांद्याला खांदा लावून उभ्या राहत व एकदम बार काढीत. शंभरांतल्या काही गोळ्या तरी लागतील असा तो हिशोब असे. रायफलीच्या नळीत मात्र आतून नागमोडी पन्हळी कोरलेल्या असतात. त्यांस आपल्याकडे पेच म्हणतात. गोळी या पेचांत घट्ट धरली जाऊन स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरता भोवरा जसा आपल्या आरेवर ताठ उभा राहतो, तशी ती आपली दिशा सोडीत नाही. १८५३ च्या नमुन्याची प्रसिद्ध एन्फील्ड घ्या. तिची नळी ३९ इंच, पेच तीन, आणि पेचाचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांचा. म्हणजे नळीतून बाहेर येईतो गोळीची अवघी अर्धी फेरी होते. परंतु त्या अर्ध्या फेरीने युद्धकलेचे स्वरूप पालटले. आणि पुढे दिसेल की राज्यकर्त्यांची झोपही उडविली.

आता खानदेशाकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा प्रांत कंपनीच्या हाती आला, तेव्हा त्याची दशा शोचनीय होती. दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि अरबांची दंडेली यांनी गावे ओस पडून रान वाढले होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात नोंद आहे की, १८२२ सालच्या मे ते जुलै या तीन महिन्यांत हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे व २०,००० गुरे मारली. अजिंठ्याची लेणी १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नामक अंमलदाराच्या दृष्टीस पडली तीदेखील शिकारीच्या भटकंतीतच. खानदेशच्या सीमेवरील त्या दरीत तेव्हा वाघ मुक्तपणे नांदत होते, हे त्या शोधाच्या मोठेपणापुढे आपण विसरून जातो.

डोंगरांत भिल्ल होते. सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेचे घाट यांतील नाईकांनी नव्या सरकारास सात वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही. फौजा पाठवाव्या, तर त्या हिवतापाने खंगून परत येत. अखेर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२५ साली, भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले, आणि ते काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आले. धरणगाव हे या पलटणीचे ठाणे झाले. प्रथम पाचच माणसे त्याच्याबरोबर येण्यास धजली. पुढे त्यांची संख्या शेकडोंवर गेली.

औट्रमला हे साधले कसे? त्याने नाईकांबरोबर एकट्याने रानात राहून, त्यांच्याबरोबर मद्य घेऊन आणि मुख्यतः त्यांच्याबरोबर शिकार करून त्यांचा विश्वास मिळविला. त्याच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या दहा वर्षांच्या शिकारीची यादी दिली आहे. तीत वाघ १९१, अस्वले २५, बिबटे १५ आणि रानरेडे १२ असे आकडे आहेत. वाघ कड्याखालच्या कपारीत दडून बसला असता भिल्लांनी आपली पागोटी एकमेकांस बांधून साहेबास वरून खाली सोडले आणि त्याने लोंबकळतच गोळी घातली, अशीही एक कथा सांगतात. कथा चटकदार आहे व इंग्रजी वाचकांस ती फार प्रिय झाली. आम्ही ती वाचतो तेव्हा आमचे लक्ष गोळीपेक्षा पागोट्यांकडे जाते. वाघ कोणत्या कपारीत शिरला हे ज्यांनी मागावरून ओळखले, ज्यांनी साहेबाचा भार हातांवर तोलून धरला, आणि नेम चुकला असता तर ज्यांच्यावर वाघ प्रथम धावून आला असता, त्यांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही. शिकारीची इंग्रजी पुस्तके आम्ही तरुणपणी हौसेने वाचली. त्यांत बंदुकीच्या कारागिराचे नाव असते, घोड्याचे असते, कुत्र्याचे तर असतेच असते. माग काढणारा मात्र नुसता ‘एक भिल्ल’ असतो.

वस्तुतः नेमाची विद्या या लोकांस नवी नव्हती. बांबूचे धनुष्य, त्याला दोरीच्या जागी बांबूचीच चिरलेली कामटी, आणि हातभर लांबीचा बाण, एवढ्या सामग्रीवर त्यांची पिढ्यान् पिढ्या गुजराण झाली होती. धनुष्याचा पल्ला थोडा, म्हणून श्वापदाच्या अगदी जवळ जावे लागे. जवळ जावयाचे म्हणजे वारा, पाचोळा व सावली यांचे शास्त्र जाणावे लागे. आजचा नेमबाज श्वास रोखून, खटका हळूच दाबून जी स्थिरता साधतो, ती या माणसांच्या अंगी पोटाच्या निकडीने आलेली होती. असे लोक कवाइती पलटणीत टिकतील काय, याची औट्रमच्या वरिष्ठांना शंका होती; ती पलटणीने लौकरच खोटी ठरविली.

मग १८५७ साल आले. एन्फील्डची काडतुसे आणि त्यांस लावलेली चरबी यांची कथा शाळकरी मुलांसही ठाऊक आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. खानदेशच्या उत्तर सीमेवर, आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण खाज्या नाईक याजकडे होती. सरकारचा पगार खाणाऱ्या या घाटरक्षकाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच घाटात सुमारे ७ लाख रुपयांचा खजिना लुटला आणि भीमा नाईकासह सातपुड्यात ठाण मांडले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. खडकांआडून बाण सुटत होते, मक्राण्यांच्या तोड्याच्या बंदुकाही होत्या. समोर कवाइती फौज होती आणि तीत औट्रमची ती भिल्ल पलटणही होती. एकाच रानातली, एकाच भाषेची, कदाचित एकाच कुळातलीही माणसे त्या दिवशी एकमेकांवर नेम धरून उभी होती. लढाई सरली, पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथल्या तेथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक १८६० साली विश्वासघाताने मारला गेला. आपल्या इतिहासग्रंथांत झाशी व कानपूर यांस जेवढी पाने मिळतात, त्यांच्या शतांशानेही आंबापाण्यास मिळत नाहीत. हा दोष इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही.

बंड मोडल्यावर राज्यकर्त्यांनी जी उपाययोजना केली, तीत एक गोष्ट अशी आहे की ती प्रथम वाचली तेव्हा आम्हांस खरीच वाटेना. हिंदी शिपायांसाठी १८५८ चा म्हणून एन्फील्डचा वेगळा नमुना काढण्यात आला. बाहेरून पाहिले तर बंदूक तीच, पण आतले पेच कातून काढलेले. .५७७ इंचांची नळी रुंद करून .६५६ इंचांची व गुळगुळीत केलेली. शेकडो यार्डांच्या अंतरासाठी वरखाली करता येणारी मागची नेमपट्टी काढून तिच्या जागी साधी, न हलणारी खाच बसविलेली. गोऱ्या शिपायाच्या बंदुकीत पेच राहिले, काळ्या शिपायाच्या बंदुकीतून गेले. यंत्र सुधारण्यासाठी खटपट करणारे कारखानदार जगात पुष्कळ झाले; चांगले यंत्र बुद्ध्या बिघडवून दुसऱ्याच्या हाती देण्याचे हे उदाहरण मात्र विरळा. पुढे हिंदी फौजेस पेचदार बंदुका मिळाल्या, पण गोऱ्या फौजेच्या एक पिढी मागून. त्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा यांस स्नायडर, आणि त्यांनी ली-मेटफर्ड घेतली तेव्हा यांस मार्टिनी.

हे शिपायाचे झाले. सामान्य प्रजेसाठी लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. युरोपियनास परवाना नको आणि हिंदी माणसास परवान्यावाचून जुनी तलवारही नको, असा त्याचा रोख होता. त्यातील जातिभेदाविरुद्ध राष्ट्रीय सभा १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव करीत आली. तो भेद कागदावरून गेला १९२० च्या नियमांनी. दरम्यान १८९१ साली भिल्ल पलटण मोडून तिची माणसे पोलिसांत घालण्यात आली होती. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या चार पिढ्या बंदूक पाहिल्या त्या पोलिसाच्या खांद्यावर किंवा साहेबाच्या तसबिरीत. मराठी घरांतून क्रिकेट रुजले, टेनिस रुजले, नेमबाजी रुजली नाही. याचे कारण आपल्या स्वभावात शोधणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती पडले, तेव्हा रायफली कोणाच्या हाती होत्या व झेंडा कोणाच्या, हे सर्वश्रुत आहे.

स्वराज्यानंतर चक्र फिरले, आणि ते फिरविण्यात एका मराठी नावाचा भाग आहे याचा आम्हांस संतोष वाटतो. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते व नवा नेमबाज तिच्यातून वर येतो. १९५९ साली जुना कायदा जाऊन नवा आला. चीनच्या आक्रमणानंतर, १९६४ साली, भुसावळजवळ वरणगाव येथे सरकारी आयुधनिर्माणी उभी राहिली, आणि ज्या मुलखात परवान्यावाचून एक बार काढणे हा गुन्हा होता तेथे फौजेसाठी काडतुसे तयार होऊ लागली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीच्या हौसेवर पडदा टाकला. तोवर औट्रमच्या यादीतील वाघांचे वंशज तसेही बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आता नेम कागदावर धरावयाचा. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफलच्या त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या चांदाचे मधले वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या मोठ्याशा दाण्याएवढे असते. हा तरुण राजवाड्यातला नव्हे, रेल्वेच्या नोकरीतला आहे.

संग्रहाच्या हौसेसंबंधी एक शब्द. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानेदारास दोहोंपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, म्हणून विलायतेतल्यासारखे खासगी संग्रह आपल्याकडे होणे नाही, आणि आम्हांस त्याचे दुःखही नाही. जुनी हत्यारे वस्तुसंग्रहालयांतून पुष्कळ आहेत. तेथे वाचकांनी जावे, आणि १८५७ च्या सुमाराची म्हणून एखादी एन्फील्ड मांडलेली दिसली तर दस्त्यावरच्या नक्षीत गुंतून न राहता तिच्या तोंडाशी वाकून आत पाहावे. मागची नेमपट्टी वर उचलता येण्याजोगी असेल आणि नळीत तीन पेच दिसतील, तर तिच्यावरची पाटी बहुधा खरी आहे. नळी रुंद व गुळगुळीत असेल, आणि नेमपट्टीच्या जागी नुसती खाच असेल, तर ती बंदूक कोणत्या हातांसाठी घडविली होती ते पाटीस विचारण्याची जरूर नाही.