एक वही, दोन हस्ताक्षरे

आमच्यापैकी एकीच्या आईची एक दोनशे पानी वही आमच्यासमोर आहे. पुढून उघडली की नानकटाई, रव्याचा केक, खारी बिस्किटे असे पदार्थ क्रमाने येतात. उलटी करून मागून उघडली की मापे सुरू होतात : छाती, कंबर, उंची, बाही, गळा पुढचा, गळा मागचा. मधल्या काही कोऱ्या पानांवर दोन्ही बाजू एकमेकींना भेटायला निघाल्यासारख्या थांबल्या आहेत. पहिली नोंद १९८६ च्या मे महिन्यातली, शेवटची १९९४ च्या दिवाळीच्या आधीची.

वहीत हस्ताक्षरे दोन आहेत. एक आईचे, दुसरे शेजारच्या बिऱ्हाडातल्या मावशींचे. आईकडे पायमशीन होते, मावशींकडे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन. एकीचे काम दुसरीवाचून पुरे होत नसे, आणि खरे तर ते तसे होऊ नये अशीच दोघींची व्यवस्था असावी. मावशींच्या यजमानांची बदली झाली आणि वही तिथेच थांबली. आई त्यानंतर वीस वर्षे शिवत होती, पण तिने या वहीत एक ओळही लिहिली नाही.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली काही वर्षे शनिवारची दुपार आम्ही एकत्र घालवतो. एकीच्या घरी जुन्या साड्यांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे शिवले जातात, दुसरीच्या घरी केक फुगतो किंवा बसतो. हा छंद आणि आमचा विषय यांचा संबंध आहे, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. एकदा स्त्रियांच्या आत्मचरित्रांवरील तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “या बायका दिवसभर हाताने काय करत होत्या, ते आपण कधी वाचतच नाही का?” आम्ही वेळ मारून नेली. वही हाती आल्यावर मात्र तो प्रश्न टाळता येईना. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

१९१० हे साल आम्ही वर्गात नेहमी उच्चारतो. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक त्या वर्षी निघाले. ते अभ्यासक्रमात असते, त्यावर प्रश्न येतात, प्रबंध होतात. त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हेही पुस्तक निघाले. ते मराठी विभागाच्या कपाटात सहसा सापडत नाही. दोन्ही पुस्तके स्त्रियांनी लिहिली आणि दोन्ही घराच्या आतून लिहिली गेली. एक वाङ्मय ठरले, दुसरे उपयुक्त ठरले. ‘उपयुक्त’ या शब्दात आपण किती लेखन दडपून टाकले आहे, याचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

वास्तविक ही दोन पुस्तके एका बिस्किटाच्या अंतरावर उभी आहेत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. निमंत्रितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत. पण आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि पुणे पेटले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे एरवी एकमेकांना विरोध करणारे गृहस्थ या प्रकरणात एकाच यादीत आले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, बहिष्काराची भाषा झाली. पुढे रानडे यांनी, सोबतच्या मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून, प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंच्या आठवणींत या प्रसंगाला स्थान आहे. सुधारकांच्या इतिहासात आपण हे प्रकरण निष्ठा आणि तडजोड यांचा पेच म्हणून शिकवतो. त्यातील बिस्किटाकडे आपले लक्ष जात नाही. परक्या हाताने, परक्या भट्टीत भाजलेले पीठ हे त्या काळी केवढे मोठे संकट होते, हे त्या बिस्किटाने सांगितले आहे.

आता वहीचे चौथे पान पाहावे. मावशींच्या अक्षरात नानकटाई आहे. मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप, किंचित खायचा सोडा, वेलदोडा. तूप पांढरे होईपर्यंत फेसायचे. शेवटी एक सूचना : जास्त असेल तर भट्टीवर द्यावी, डब्यावर नाव घालावे. ज्यांचे बालपण १९८० च्या किंवा १९९० च्या दशकात गेले त्यांना ही सूचना समजावून सांगावी लागणार नाही. ओव्हनमध्ये एका वेळी मूठभरच मावत. सुट्टीत पाहुणे यायचे असले की घरी मळलेला गोळा डब्यात घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचा, तिथल्या पत्र्यांवर थापायचा, भाजणावळ द्यायची आणि संध्याकाळी गरम डबे घरी आणायचे. आमच्या गावात ती बेकरी मुसलमान कुटुंबाची होती. इतर गावांत ती इराण्यांची असे, गोव्यात पदेराची. १८९० मध्ये ज्या स्पर्शापायी प्रायश्चित्ते झाली, तोच स्पर्श शंभर वर्षांनी दिवाळीच्या फराळात येऊन बसला होता, आणि त्यासाठी कोणी सभा घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. दोन बायका डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, इतकेच. सर्व घरांत असेच घडले असा दावा आम्ही करणार नाही. अंडे घालायचे की नाही यावरून याच वहीत तीन ठिकाणी खाडाखोड आहे, आणि अंड्याच्या केकसाठी वेगळे भांडे ठेवल्याची नोंदही आहे. सोवळे गेले नव्हते. ते फक्त भांड्यापुरते आकसले होते.

भाजणे हे मुळात परके, असे समजणेही बरोबर नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात मोठ्या काकड्या येतात. किसलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे यांची तवसळी किंवा धोंडस करतात. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण घालून, खाली मंद आच ठेवून, झाकणावर निखारे पसरायचे. पाठारे प्रभूंचे भानोलेही असेच खाली-वर विस्तव ठेवून भाजत. म्हणजे चौफेर उष्णता देण्याची युक्ती आपल्या चुलीला ठाऊक होती. नवीन आला तो ओव्हन नव्हे, ते माप. निखारे किती, हे हाताला कळत असे. केकच्या पिठाला मात्र दगाफटका चालत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाट्या आणि चमचे यांचे निश्चित प्रमाण घरोघर पोहोचवले. वहीतील केकची मापे वाट्यांतच आहेत. कोणत्या वाटीने, हेही लिहिले आहे : “माझ्या घरची मधली.” हे प्रमाण दोन घरांपुरतेच प्रमाण आहे. तिसरीला त्या वाटीसाठी मावशींच्या घरी यावे लागले असते.

ओव्हन नसलेल्यांसाठी प्रेशर कुकर होता. प्रेस्टिज आणि हॉकिन्स हे दोन्ही कुकर १९५९ पासूनचे. तळाशी वाळू घालायची, रिंग आणि शिटी काढून ठेवायची, वर केकचे भांडे. आम्हीही एकदा वहीतल्या पद्धतीने करून पाहिला. रिंग काढायची विसरलो. केक भाजण्याऐवजी उकडला गेला आणि आम्ही दोघींनी तो ढोकळा म्हणून खाल्ला.

आता वही उलटी करू. मराठी वाङ्मयाला सुई नवी नाही. नामदेव शिंपी होते. पण शिवणे हा दीर्घकाळ एका समाजाचा आणि मुख्यतः पुरुषांचा व्यवसाय राहिला. घरच्या बाईची सुई धावदोऱ्याची होती. फाटके सांधणे, टाचणे, खणाची चोळी आणि गोधडी हे तिचे क्षेत्र. गोधडीत जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालतात आणि चौघी चार बाजूंना बसून कडेकडून आत टाके घालत येतात. तिला माप नसते. जेवढे कापड तेवढी गोधडी. याउलट पोलके आणि नंतरचा ब्लाउज अंगाबरोबर बसावा लागतो. त्यासाठी आधी बेतावे लागते. बेतणे म्हणजे कापड कापण्यापूर्वी ते डोळ्यांपुढे शिवून पाहणे.

हे बेतणे घरातल्या बाईला कोणी शिकवले? अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. मिशनच्या अशा शाळांत अक्षरांच्या जोडीने सुईकाम असे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, शिवणकाम व छपाई शिकवली गेली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथेही शिवणाचे वर्ग महत्त्वाचे होते. किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकाने १९३० पासून वाचनाबरोबर गृहकलांनाही जागा दिली. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. शिवण हे स्त्रीशिक्षणाचे लोढणे होते : मुलगी शाळेत जाईल, पण घराला उपयोगी पडेल एवढेच शिकेल, अशी हमी समाजाला त्यातून मिळत होती. मुलगे भूमितीच्या तासाला बसत तेव्हा मुली काजे करत. हा आक्षेप आम्ही वर्गात शिकवला आहे आणि आजही तो आम्हांला मान्य आहे.

परंतु तेवढ्यावर थांबले तर अर्धेच खरे हाती लागते. विधवेच्या हाती आलेली शिवणाची मजुरी ही अनेकदा तिची पहिली स्वतःची कमाई होती. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधील एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद मानले होते. त्यामागे पत्नीचे कष्ट हलके करण्याची इच्छा होती, असे ते सांगत. ती भावना उदात्त खरी, पण तिच्यात बाई एकटी आहे : एक पती, एक पत्नी, एक यंत्र. वहीतील यंत्राभोवती मात्र दोघी आहेत. एक पायडल मारते, दुसरी टीप सरळ जावी म्हणून मागून कापड ओढून धरते.

आमच्या मते इथे खरा प्रश्न आहे. दोन स्त्रियांनी नुसते भेटावे, बोलत बसावे याला आपल्या घरांत कधी मान्यता नव्हती. भेटीला काम लागत असे. जात्याला एक खुंटा आणि त्यावर दोघींचे हात. त्या कामाच्या आडोशाने ओवी जन्मली. गी पॉत्वँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत. ओवी गायली गेली म्हणून ती आमच्या विभागात आली. पिठाची गिरणी आल्यावर ते निमित्त गेले. मशीन आणि ओव्हन ही आम्हांला त्या रिकाम्या जागी आलेली निमित्ते वाटतात. मात्र मशीनच्या आवाजात गाणे जमत नाही. त्यामुळे या मैत्रीचे वाङ्मय झाले नाही. तिच्या याद्या झाल्या, मापे झाली. १९५९ मध्येच गिरगावातील सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्या सात जणींचा इतिहास नोंदला गेला, कारण त्याचा उद्योग झाला. जिथे उद्योग झाला नाही तिथे नोंद नाही.

म्हणून आम्ही ही वही पाठ म्हणून वाचायला घेतली. पाठचिकित्सेचे नेहमीचे प्रश्न तिला विचारले. लेखिका कोण? काही पाककृतींत पहिली ओळ आईची आणि पुढची मावशींची आहे. कृती सांगणारी कोण व लिहिणारी कोण, हे ठरत नाही. काळ कोणता? तारखा थोड्याच आहेत, पण मापे आहेत. आमच्यापैकी जिची ही आई, तिच्या फ्रॉकची उंची बावीस इंचांपासून छत्तीस इंचांपर्यंत वाढत जाते. शेजारच्या दोन्ही मुलांच्या शर्टांची मापेही त्याच पानांवर, त्याच क्रमाने. घरातल्या मुलांची अशी वाढ दुसऱ्या कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाही. एका पानावर मावशींचे स्वतःचे ब्लाउजचे माप आईच्या अक्षरात आहे आणि त्याखाली तीन वेगवेगळ्या महिन्यांत ते कमी कमी होत गेलेले आहे. पुढे बारा पाने फक्त आईचे अक्षर. मग मावशींचे अक्षर परत येते, थोडे थरथरते. त्या आजारपणाविषयी वहीत एक शब्दही नाही. मुलीला तेव्हा इतकेच सांगितले होते की मावशी माहेरी गेल्या आहेत.

ही वही मध्यमवर्गीय आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. जिच्या घरी मशीनही नव्हते आणि वहीही नव्हती, तिची गोधडी हाच तिचा कागद आणि तो बहुधा वापरून संपला. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आमच्याजवळ आज तरी नाही. पण जे कागदावर आहे, तेही आपण रद्दीत घालत आहोत.

या वर्षी आम्ही द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला आहे : घरातील एक अप्रकाशित वही शोधावी, अक्षरे किती ती मोजावीत, आणि दुसरे अक्षर कोणाचे ते घरात विचारावे. पहिल्या आठवड्यात अकरा वह्या आल्या. त्यांपैकी सातांत अक्षरे एकाहून अधिक आहेत. आईची वही आम्ही छायाप्रत काढून मावशींच्या मुलाकडे पाठवली. मूळ प्रत शिवणाच्या मशीनच्या खणात, होती तिथेच ठेवली आहे.