वास्तू, वंश आणि भूत : स्ट्रॉबेरी हिल ते ‘द जॉली कॉर्नर’

झपाटलेल्या घराच्या कथेचा एक ठरीव साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. जुनी वास्तू नव्या मालकाच्या हाती येते. तो डागडुजी काढतो. एखादी भिंत फोडली जाते, बंद खोलीचे दार उघडते आणि आत कोंडलेले काहीतरी बाहेर पडते. नूतनीकरण म्हणजे रहस्यभेद, असे समीकरण या साच्यात गृहीत असते. १९८० नंतरच्या समलिंगी समीक्षेने त्यात आणखी एका समीकरणाची भर घातली : भिंतीआड दडलेले ते रहस्य म्हणजे उच्चारता न येणारी समलिंगी वासना, आणि भूत म्हणजे त्या वासनेचे परतणे. हे वाचन आकर्षक आहे, पण ते फार लवकर निष्कर्षाला पोहोचते. या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासातील काही प्रत्यक्ष वास्तू आणि त्यांच्याशी निगडित संहिता एकत्र तपासल्या, तर निराळे चित्र दिसते. भूत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या घराकडे कोण पाहतो आहे यावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

इंग्रजी गॉथिक कथेचा आरंभ हॉरेस वॉलपोल (१७१७-१७९७) याच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या कादंबरीपासून मानला जातो. ती १७६४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. मात्र कादंबरीच्या आधी घर होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात अनेकदा तळटीपेत जाते. वॉलपोलने १७४७ साली थेम्सकाठी ट्विकनम येथे एक लहानसे घर भाड्याने घेतले आणि पुढे विकत घेतले. ते एका उमरावाच्या गाडीवानाने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, कोणतीही कुलपरंपरा नसलेले घर होते. जुन्या दस्तऐवजांत त्या जमिनीचे ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे नाव सापडले, ते वॉलपोलने घराला दिले. नंतर जॉन च्यूट आणि रिचर्ड बेंटली या मित्रांच्या साहाय्याने, थट्टेने ‘अभिरुची समिती’ म्हटल्या जाणाऱ्या मंडळामार्फत, त्याने या घराचे टप्प्याटप्प्याने गॉथिक किल्ल्यात रूपांतर केले.

या रूपांतराची सामग्री लक्षणीय आहे. दीर्घ दालनाचे छत वेस्टमिन्स्टर अॅबीतील सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिराच्या छतावरून घेतलेले, पण दगडाऐवजी कागदाच्या लगद्याचे. ग्रंथालयातील शेकोटीची चौकट मध्ययुगीन राजपुत्राच्या समाधीच्या नमुन्यावर बेतलेली. जिन्याच्या भिंतींवरचे गॉथिक कोरीवकाम हे वस्तुतः रंगवलेला कागद. आपल्याकडे ज्याला जीर्णोद्धार म्हणतात तो हा प्रकार नव्हे. नव्याला जीर्ण करण्याचा हा उद्योग होता. ज्या घराला पूर्वज नव्हते, त्या घरासाठी वॉलपोलने पूर्वज तयार केले.

असे का करावेसे वाटले असेल? वॉलपोल हा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांचा धाकटा मुलगा. तो आजन्म अविवाहित राहिला. त्याची सर्वांत उत्कट भावनिक गुंतवणूक पुरुषमित्रांत, विशेषतः चुलत-मावस नात्यातील हेन्री कॉनवे याच्यात होती, हे त्याच्या पत्रव्यवहारावरून दिसते. १७६४ साली कॉनवेने सरकारविरुद्ध मत दिले म्हणून त्याला पदावरून काढण्यात आले, तेव्हा वॉलपोलने त्याच्या समर्थनार्थ पत्रक लिहिले. त्याला उत्तर देताना विल्यम गथ्रीने याच वर्षी छापील पत्रकात वॉलपोलच्या पौरुषाची आणि कॉनवेवरील आसक्तीची कुत्सित टवाळी केली. टिमथी मौल यांच्या १९९६ च्या चरित्रात या प्रसंगाला केंद्रस्थान मिळाले. जॉर्ज हॅगर्टींसारख्या अभ्यासकांनी मात्र आजची लैंगिक ओळख वॉलपोलवर थेट लादण्याबाबत सावधगिरी सुचवली. सेजविक यांनीही १९८५ च्या ‘बिट्वीन मेन’ या ग्रंथात बेकफर्ड, लुइस आणि वॉलपोल या तीन गॉथिक लेखकांचा या संदर्भात एकत्र विचार करताना वॉलपोलच्या बाबतीत सर्वांत कमी खात्री दर्शवली होती. ही सावधगिरी योग्यच आहे. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच जर्मन छापील मजकुरात १८६९ साली अवतरला. वॉलपोलच्या काळात होता तो १५३३ चा कायदा आणि त्यातील देहदंड. तो दंड इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत कायम होता; त्यानुसारची शेवटची फाशी १८३५ ची.

चरित्रात्मक पुरावा अपुरा असला तरी संहितेचा पुरावा हाताशी आहे. १७६४ च्या जूनमध्ये वॉलपोलला स्वप्न पडले : एका प्राचीन किल्ल्याच्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखतातला एक प्रचंड हात आहे. त्या संध्याकाळी तो लिहायला बसला, आणि दोन महिन्यांच्या आत कादंबरी पुरी झाली. तिचे कथानक आरंभापासून अखेरपर्यंत वारसाचे आहे. मॅनफ्रेडचा एकुलता मुलगा लग्नाच्याच दिवशी आकाशातून कोसळलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडला जातो. वंश टिकवण्यासाठी मॅनफ्रेड पत्नीला टाकून मुलाच्या नियोजित वधूमागे धावतो आणि अखेरीस स्वतःच्या मुलीचाच प्राण घेतो. भूत आहे ते अल्फॉन्सोचे, म्हणजे विषप्रयोगाने मारल्या गेलेल्या मूळ धन्याचे. शेवटी ते भिंती फोडून प्रकट होते आणि खऱ्या वारसाचे नाव घोषित करते. वंश सिद्ध होतो. वास्तू मात्र कोसळते.

तेव्हा या पहिल्या झपाटलेल्या घरातले भूत कोणत्याही निषिद्ध वासनेचे प्रतीक नाही. ते वंशाच्या कायद्याचे मूर्त रूप आहे. कागदी छताखाली राहणाऱ्या, वारस नसलेल्या माणसाला जिन्यावर दिसलेला तो हात खऱ्या धन्याचा आहे, आणि ‘हे घर तुझे नव्हे’ असा त्याचा अर्थ आहे. पुढे वॉलपोलने स्वतःच्या मुद्रणालयात छापलेल्या घराच्या वर्णनात या वास्तूनेच आपल्याला कादंबरी सुचवली, असे सांगितले. या वास्तूचा उत्तराधिकारही अर्थपूर्ण आहे. १७९७ साली ती गेली शिल्पकार अॅन डेमर हिच्याकडे. ती कॉनवेची मुलगी. स्त्रियांवरील प्रेमाबद्दल तिच्यावर छापील उपहासाचा मारा झाला होता. रक्ताच्या सरळ रेषेऐवजी स्नेहाच्या रेषेने घर दिले गेले. पुढे ते वाल्डग्रेव्ह घराण्याकडे गेले, आणि १८४२ साली तेथील संग्रह जाहीर लिलावात विखुरला. त्या कागदी छतांची डागडुजी होऊन घर पुन्हा लोकांसाठी खुले झाले ते २०१० साली.

२

विल्यम बेकफर्डच्या बाबतीत संशयाला जागा कमी आहे. १७८४ साली तरुण विल्यम कोर्टनेशी असलेल्या संबंधावरून गवगवा झाला, आणि विवाहित असूनही त्याला पत्नीसह देश सोडावा लागला. ‘वाथेक’ ही त्याची मूळ फ्रेंच कादंबरी १७८६ साली, त्याच्या संमतीविना, इंग्रजी अनुवादात आधी प्रसिद्ध झाली. येथे क्रम उलटा आहे : मनोरा आधी कादंबरीत उभा राहिला, नंतर जमिनीवर. १७९६ पासून जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून त्याने फाँटहिल अॅबी बांधायला घेतली. तिच्या मनोऱ्याची उंची पावणेतीनशे फुटांच्या घरात होती आणि सभोवती बारा फूट उंच कुंपणभिंत मैलोगणती पसरली होती.

या वास्तूला भिंतीबाहेरचा समाज पापाचे घर मानत होता. आतली सजावट मात्र वंशावळीची होती. जमैकातील उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली संपत्ती असलेल्या या माणसाने दालनांमध्ये आपल्या उच्चकुलीन पूर्वजांची मानचिन्हे लावली होती. बहिष्कृत माणसाला पूर्वजांची गरज अधिक तीव्रतेने भासते, असेच यावरून म्हणावे लागेल. १८२२ साली ही वास्तू बंगालमध्ये बंदुकीच्या दारूच्या व्यवहारात धनाढ्य झालेल्या जॉन फार्कर याने घेतली, आणि १८२५ च्या डिसेंबरात मनोरा ढासळला. घाईघाईने केलेल्या बांधकामाचा तो परिणाम होता. भुताखेतांचा हात त्यात शोधण्याचे कारण नाही.

३

येथवरच्या विवेचनाला सर्वांत मोठा आक्षेप हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या कथेवरून घेता येईल. तेथे भूत उघडच वंशाचे नाही. मृत नोकर पीटर क्विंट आणि लहान माइल्स यांच्यातील सहवासाविषयी संशय आहे. माइल्सला शाळेतून काढले जाते ते त्याने आवडत्या मुलांना काहीतरी सांगितले म्हणून. ते ‘काहीतरी’ कथेत कधीच उच्चारले जात नाही. लबुशेर दुरुस्तीने १८८५ साली पुरुषांमधील ‘घोर असभ्यता’ गुन्हा ठरवली होती, ऑस्कर वाइल्डला १८९५ साली शिक्षा झाली होती, आणि ही कथा त्यानंतर दोन वर्षांनी लिहिली जात होती. येथे तरी भूत म्हणजे निषिद्ध वासना हे समीकरण मान्य करावे लागेल.

करावे लागेल, पण एका अटीवर : कथा कोणाच्या दृष्टीतून येते, हे विसरता कामा नये. ब्लाय येथील भुते गव्हर्नेसला दिसतात. घर तिचे नाही, पण घराची शुचिता राखण्याचे काम तिच्यावर सोपवलेले आहे. एडमंड विल्सनने १९३४ साली ही भुते तिच्या मनाची निर्मिती आहेत असे सुचवले, तेव्हापासून भुते खरी की खोटी हा वाद चालत आला आहे. आपल्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. घराचा राखणदार पाहतो तेव्हा भूत हे नियमभंग करणाऱ्याचे असते, एवढेच येथे महत्त्वाचे. वॉलपोल पाहतो तेव्हा तेच स्थान वंशाचा कायदा घेतो.

ही संहिता पुरी होत असताना जेम्स स्वतः एका जुन्या घराच्या दुरुस्तीत गुंतू लागला होता. राय येथील लँब हाउस हे अठराव्या शतकातील घर त्याने १८९७ च्या सप्टेंबरात दीर्घ मुदतीने घेतले. एडवर्ड वॉरन या वास्तुविशारद मित्राने दुरुस्तीत साहाय्य केले, आणि १८९८ च्या उन्हाळ्यात जेम्स तेथे राहायला गेला. पुढच्या वर्षी रोममध्ये भेटलेल्या हेंड्रिक अँडरसन या तरुण शिल्पकाराने घडवलेला एक अर्धपुतळा त्याने विकत घेतला. अँडरसनला लिहिलेल्या त्याच्या पत्रांतील स्पर्शोत्सुक आर्जव आता सुपरिचित आहे. जेम्सच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी याच घरात ई. एफ. बेन्सन राहू लागला. भूतकथाकार म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

४

जेम्सच्या ‘द जॉली कॉर्नर’ (१९०८) या कथेत नूतनीकरण, भूत आणि अविवाहित पुरुष हे तिन्ही घटक एकाच जागी येतात. स्पेन्सर ब्रायडन तेहतीस वर्षे युरोपात काढून न्यूयॉर्कला परततो. वारशाने आलेली त्याची दोन घरे आहेत. एकाचे उंच भाड्याच्या इमारतीत रूपांतर चालू आहे, आणि त्या बांधकामावर देखरेख करताना आपल्यात व्यवहारकौशल्य दडलेले होते असा शोध त्याला लागतो. दुसरे, बालपणीचे घर, तो रिकामे ठेवतो आणि रात्री मेणबत्ती घेऊन त्यात फिरतो. आपण इथेच राहिलो असतो तर कोण झालो असतो, त्या माणसाला त्याला गाठायचे आहे. अखेर तो समोर येतो : सायंकाळच्या पोशाखातला, धनाढ्य, हाताची दोन बोटे तुटलेला. ब्रायडन त्याला ओळखण्याचे नाकारतो आणि कोसळतो.

सेजविक यांनी जेम्सच्या ‘द बीस्ट इन द जंगल’ (१९०३) या कथेच्या विवेचनात जॉन मार्चरच्या जगण्यातील रिक्ततेला समलिंगी शक्यतेच्या भयाशी जोडले. त्या धर्तीवर ‘द जॉली कॉर्नर’मधील भूत म्हणजे ब्रायडनची दडपलेली लैंगिकता, असे म्हणण्याचा मोह होतो. संहिता मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. भूत आहे ते समाजाच्या अपेक्षा पुऱ्या केलेल्या, पैसा मिळवलेल्या, घर राखलेल्या पुरुषाचे. ज्याने तसे जगणे नाकारले तो जिवंत आहे, आणि तोच त्या घराला झपाटतो आहे. भुतालाच आपल्यापासून भय वाटत असावे, याचे त्याला विलक्षण सुख होते. शेजारच्या इमारतीचे भाडेच या घराला रिकामे ठेवणे परवडवते, हेही ध्यानात घ्यावे. ज्या व्यवहाराला ब्रायडन नाकारतो त्याच व्यवहारावर त्याचे नकार देणे पोसले जाते, आणि भुताच्या तुटक्या बोटांतून त्या व्यवहाराची किंमत दिसते.

अल्फॉन्सोपासून ब्रायडनच्या प्रतिरूपापर्यंत अशी एक रेषा काढता येते. घर नव्याने रचणारा माणूस वंशाच्या रेषेबाहेरचा असतो, आणि त्याला दिसणारे भूत त्या रेषेचा दावा घेऊन आलेले असते. १७६४ मध्ये तो दावा जिंकतो आणि घर पाडतो. १९०८ मध्ये घर उभे राहते, आणि दावेदार जखमी, किंबहुना करुणेस पात्र ठरतो. अॅलिस स्टॅव्हर्टनला त्याची कणवच येते. यातला फरक साहित्यिक तंत्राचा नाही. दीडशे वर्षांत वंशाच्या कायद्याविषयी शंका घेण्याचे बळ या प्रकाराने मिळवले, एवढा तो आहे.

५

मराठी वाचकाला हे सूत्र परके वाटू नये. आपल्या लोकसमजुतीत निपुत्रिक, और्ध्वदेहिक करायला कोणी नसलेल्या माणसाचा समंध होतो, आणि मुंज झालेला पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो. म्हणजे वंशाच्या रेषेबाहेर पडलेल्यालाच भूतयोनी देण्याची आपली पद्धत आहे; ती राखणदाराची, कुटुंबाची दृष्टी आहे. ब्लायची गव्हर्नेस आणि वाड्यावरून जाताना मुंजाला भिणारा पांथस्थ या बाबतीत एकाच बाजूला उभे आहेत. इंग्रजी कायद्यातील निषेध १८६० च्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने येथे आला आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता २०१८ साली रद्द झाला, तेव्हा या दोन राखणदारांची युती दीर्घकाळ टिकली, असे म्हणता येईल.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत पुण्यातील एका कुटुंबाच्या घरातली खोली भाड्याने दिली जाते. भाऊ आणि बहीण दोघेही त्या निनावी भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आणि तो निघून जातो. ही भूतकथा नव्हे. पण रिकाम्या खोलीकडे पाहणारी दृष्टी येथे प्रथमपुरुषी आहे, प्रेम करणाऱ्याची आहे, आणि म्हणूनच गेलेला माणूस समंध होत नाही. तो केवळ आठवला जातो. भुताचा अर्थ लावण्यापूर्वी घराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे विचारावे, असा संकेत या संहिता देतात. समलिंगी समीक्षेने बंद दारामागे काय आहे हे पुष्कळ शोधले. दाराबाहेर पहारा कोण देतो, याचा शोध तिने तितक्याच चिकाटीने घेणे अगत्याचे आहे.